१/६ फिगरची हत्यारं अदलाबदल करायचीत? आधी हात बघ

कांदिवलीच्या एका मुलाने विचारलंय की दादा माझ्याकडे चार फिगर आहेत, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक-षष्ठांश मापाच्या, हात-पाय हलणाऱ्या बाहुल्या, सगळ्या बारा इंची, एक सिनेमातल्या कॅरॅक्टरची महागडी, दोन मॉडर्न सोल्जर आणि एक दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश शिपाई, तर एकाची रायफल दुसऱ्याला दिली तर बसेल का, बोटं तुटतील का, आणि ह्यातलंच काही वापरून नि थोडं विकत आणून एखादा मावळा उभा करता येईल का, आणि त्याची तलवार धातूची घ्यावी का. बसते, मावळाही उभा राहतो, आणि घाई केली तर बोटं नक्की तुटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाच.

पहिली गोष्ट, सगळे जण हत्यार बघतात आणि हात कोणीच बघत नाही. कंपनी एखादी रायफल बनवते तेव्हा तिच्या सोबत येणारा ट्रिगरवाला हात त्या रायफलच्याच ग्रिपवर बेतलेला असतो, बोटांमधली फट, अंगठ्याचा कोन, तर्जनी किती सरळ, सगळं त्या एका ग्रिपच्या जाडीप्रमाणे. तीच रायफल दुसऱ्या कंपनीच्या हातात कोंबायला गेलं की एकतर ती लटकते नाहीतर बोटाच्या बुडाशी पांढरी रेघ येते, आणि पांढरी रेघ आली म्हणजे पुढच्या वेळी बोट तिथेच जाणार. त्यामुळे माझी पद्धत अशी आहे की शक्यतो नुसतं हत्यार हलवायचंच नाही, हत्यार, त्याचा हात आणि त्या हाताचा पेग, म्हणजे हात मनगटात बसवणारी खुंटी, हे तिन्ही एकत्र हलवायचं. नव्वद टक्के भानगडी इथेच संपतात. कोणाकडून लूज पार्ट घेतानाही मी आधी विचारतो की ह्याचा हात आहे का, नसेल तर ती रायफल मला स्वस्तात पण नको असते, कारण मग हात शोधण्यात जास्त पैसे जातात.

आता स्केल. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने बारा इंची जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक काढला तेव्हापासून ही साईझ चालत आलीय, ३० सेमीची फिगर म्हणजे सहाने गुणलं की १८० सेमीचा माणूस. हत्याराला पण तेच गणित. खरी लांबी मिमीमध्ये घे आणि सहाने भाग. एके-४७ खरी ८८० मिमी आहे, तर आपल्याकडे १४६-१४७ मिमी यायला पाहिजे. एम-४ रायफल दस्ता पूर्ण बाहेर काढून ८३८, म्हणजे साधारण १४०. तुझ्या ब्रिटिश शिपायाची ली-एनफिल्ड ११३० च्या आसपास म्हणजे १८८. ग्लॉक १७ पिस्तूल आपल्याकडे जेमतेम ३४ मिमी. एक प्लॅस्टिकचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन ठेव, नागदेवी स्ट्रीटला टूल्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. हे एवढ्यासाठी सांगतोय की लहान मुलांसाठी बनवलेल्या बारा इंची खेळण्यांमधली पिस्तुलं बऱ्याचदा मोठी असतात, मुलांच्या हातात टिकावीत म्हणून जाड केलेली, ती महागड्या फिगरच्या हातात दिली की लगेच खटकतं आणि का खटकतंय ते कळत नाही. लांबी बरोबर असली तरी ग्रिपची जाडी वेगळी मोज. खऱ्या ग्लॉकची रुंदी ३२ मिमीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ५ मिमीच्या जरा वर. ग्रिप ७ मिमी निघाली तर ५ मिमीसाठी बनवलेल्या हातात ती जाणार नाही, ओढाताण करू नकोस.

हात तोच ठेवून हत्यार बदलायचंच असेल तर गरम करावं लागतं. बहुतेक हात मऊ पीव्हीसीचे असतात आणि गरम केल्यावर छान नरम होतात. हात आधी फिगरवरून काढून घे, फिगरवर असताना हेअर ड्रायर मारू नकोस, बाजूची बाही, लेदरसारखं कापड, आत वायर असलेल्या लाईटवाल्या फिगर, सगळ्यालाच ती गरम हवा लागते. काढलेला हात वाटीभर गरम पाण्यात टाक, उकळतं नको, बोट घातलं तर चटकन मागे घ्यावं लागेल एवढं गरम पुरे. अर्ध्या मिनिटात नरम पडतो. रंगवलेले हातमोजे किंवा जखमा-रक्त रंगवलेले हात असतील तर पाण्याऐवजी ड्रायर, तोही लांबून. मग हत्यार घालताना क्रम महत्त्वाचा. आधी तर्जनी तिरकी करून ट्रिगर गार्डमधून आत घे, मग मागून ग्रिप तळव्यात सरकव, आणि शेवटी उरलेली तीन बोटं एकेक करून दाबून बसव. लोक उलटं करतात, आधी ग्रिप कोंबतात आणि मग तर्जनी वळवून गार्डमध्ये घालायला बघतात, तिथे एकतर गार्ड मोडतो नाहीतर बोट. नेहमी बोटं हलवायची, बंदूक स्थिर ठेवायची. बसली की तसाच पकडून हात थंड पाण्यात धर, त्या आकारात तो सेट होतो आणि पुढच्या वेळी गरम करायची गरज कमी पडते. मात्र ह्याचा अर्थ असा की तो हात आता नव्या बंदुकीचा झाला, जुनी त्यात ढिली लागेल.

बंदूक स्वतः गरम करू नकोस. बारीक नळ्या, अँटेना, चाकूची पाती पटकन वाकतात. बॉक्समधूनच वाकडी आलेली नळी असेल तर मात्र हाच उपाय उलट वापरायचा, गरम पाण्यात नरम करून काचेवर सरळ धरायची आणि थंड पाण्यात घालायची.

पेगबद्दल थोडं जास्त लिहितो कारण बोटांपेक्षा पेग जास्त तुटतात आणि तुटला की लोकांना वाटतं फिगर गेली. मनगटात जी छोटी खुंटी असते, दोन्हीकडे गोळी असलेली किंवा एकीकडे गोळी आणि एकीकडे दांडा, तिची साईझ प्रत्येक कंपनीची वेगळी, एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या बॉडीत पण वेगळी असू शकते. हात काढताना कधीही बाजूला वाकवून काढू नकोस. मनगटाची बाजू गरम कर, आणि सरळ रेषेत हलकं फिरवत ओढ. पेग हातात राहिला की बॉडीत राहिला ते बघ आणि तसंच लिहून ठेव. दुसऱ्या कंपनीचा हात बसवताना भोक मोठं निघालं तर पेगवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे, नळ दुरुस्तीवाले वापरतात ती पांढरी टेप, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते, ह्या छंदातली माझी सगळ्यात आवडती वस्तू. भोक लहान निघालं तर बॉडीचं मनगट कोरायचं नाही, कधीच नाही, हाताचं भोक हॅण्ड ड्रिलने थोडं मोठं कर. हात दुसरा मिळतो, बॉडी मिळत नाही. आणि पेग आतच तुटून राहिला तर घाबरू नकोस, तुटलेल्या भागात मधोमध अगदी बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू दोन-तीन आटे फिरवायचा आणि पक्कडने स्क्रूसकट ओढायचं, बाहेरून जरा गरम केलं की येतो. तुटलेले पेग सुपरग्लूने चिकटवायच्या फंदात पडू नकोस, त्यातलं बरंचसं प्लॅस्टिक गुळगुळीत असतं, चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच पोझला सुटतं. जास्तीचे पेग घेऊन ठेव.

हात बदलले की रंगाचा प्रश्न येतो, एकाची कातडी गुलाबी, दुसऱ्याची सावळी. मी ह्याच्यासाठी नेहमी हातमोज्यांचे हात शोधतो. मॉडर्न सोल्जरला काळे किंवा खाकी ग्लोव्ह असले की कुठल्या कंपनीचा हात आहे ते कोणाला कळणार पण नाही, बाहीच्या खाली सांधा लपतो. तुझ्या दोन मॉडर्न सोल्जरमध्ये अदलाबदल म्हणूनच सगळ्यात सोपी आहे, तिथून सुरुवात कर, महागड्या फिगरला सगळ्यात शेवटी हात लाव.

मॅगझिनचं, म्हणजे रायफलला खालून लागणाऱ्या काडतुसांच्या डबीचं म्हणशील तर एका कंपनीची मॅगझिन दुसऱ्या कंपनीच्या रायफलमध्ये बसेलच असं धरू नकोस, रायफल घेताना मॅगझिन सोबत घे आणि पाऊचमध्ये त्याच आकाराच्या जातात का तेही बघ, एम-४ च्या पाऊचमध्ये एके-४७ ची वाकडी मॅगझिन नीट जात नाही. स्कोप आणि टॉर्च ज्या दातेरी पट्टीवर बसतात ती खऱ्या जगात १९९५ च्या स्टॅंडर्डने ठरलेली आहे, दोन खाचांमधलं अंतर १० मिमी, म्हणजे आपल्या स्केलला दीड-पावणेदोन मिमी. एवढ्या बारीक मापात प्रत्येक कंपनीचा साचा थोडा इकडेतिकडे असतोच, त्यामुळे स्कोप हलतो. तिथे तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान ब्लू टॅक, म्हणजे परत काढता येणारा चिकट लगदा, लावायचा. सुपरग्लू नको, त्याची वाफ काचेवर पांढरी धुरकट बसते आणि स्कोपची लेन्स कायमची जाते. आणि ती पट्टी १९९५ ची आहे म्हटल्यावर व्हिएतनामवाल्या फिगरच्या रायफलवर ती दिसली तर जाणकार माणूस लगेच ओळखतो, एवढं भान ठेव. फँटसी कॅरॅक्टर असेल तर काय वाटेल ते दे, पण इतिहासातला शिपाई असेल तर त्याच्या काळाचंच हत्यार पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

ह्यावरून आठवलं, बरेच जण भारतीय जवान बनवायला बघतात आणि तयार फिगर फार मिळत नाहीत, म्हणून तुझ्याकडे आहे तसल्या ब्रिटिश शिपायाची ली-एनफिल्ड काढून त्याला देतात. चालेल, पण कुठली ली-एनफिल्ड ते बघ. १९४४ चा ब्रिटिश पॅरा (पॅराशूटने उतरणारा सैनिक) वगैरे असेल तर त्याच्याकडे बहुतेक नंबर ४ असते, पुढे नळीचं टोक बाहेर आलेलं. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनायची ती नंबर १ मार्क ३, जिचं तोंड बोथट, नळी जवळजवळ लाकडाबरोबरच संपते. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी .३०३ वर्षानुवर्षं बघितलीय ती हीच. ती पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन फिगरमध्ये मिळते. १९६२ चा जवान असेल तर हीच दे. १९७१ चा असेल तर एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल पाहिजे, आपली १ए१ ही ब्रिटिश एल१ए१ वरूनच आलेली, बारीक फरक आहेत पण ह्या साईझला चालून जातात, म्हणजे फॉकलंड युद्धातला ब्रिटिश किंवा व्हिएतनाममधला ऑस्ट्रेलियन शोध, त्याच्याकडे ती असते, लांबी १९० मिमी यायला पाहिजे. कारगिलच्या जवानाला इन्सास रायफल लागते, ९४५ ते ९६० मिमी, म्हणजे साधारण १५७ ते १६०, ती मात्र रेडीमेड मिळणं कठीण, थ्रीडी प्रिंट करून घ्यावी लागते.

आता मावळा. मला सगळ्यात आवडणारं काम हेच आहे. तलवारीत बंदुकीपेक्षा वेगळी अडचण येते. आपल्या तलवारीची मूठ दोन्हीकडून बंद असते, वर आडवी ठोकळ, खाली गोल चकती, आणि बऱ्याचदा समोरून बोटांवर येणारी परज. म्हणजे जपानी तलवारीसारखी मूठ खालून सरकवून हातात घालता येत नाही. दोन उपाय. एक, हात चांगला गरम करून चारही बोटं पूर्ण उघडायची, मूठ बाजूने तळव्यात ठेवायची आणि बोटं परजेच्या आतून परत मिटायची, ह्याला मऊ हात लागतो, कडक प्लॅस्टिकचा हात चालत नाही. दुसरा, मूठ सुट्टी करून चकती नंतर लावायची, चकतीत आणि मुठीत ०.५ मिमीची तार घालून. मी दुसरा करतो कारण हातावर ताण येत नाही आणि उद्या तलवार काढायची झाली तर निघते.

पातं कुठून आणायचं तर युरोपियन नाईटच्या, म्हणजे चिलखती सरदाराच्या फिगरमधली सरळ तलवार बघ आणि तिचं पातं घेऊन त्यावर आपली मूठ बसव. हे नुसतं जुगाड नाही, फिरंग तलवारीत खरंच तेच व्हायचं, युरोपातून आलेली पाती इथल्या मुठींवर चढवायचे. तीन फुटी पातं धरलं तर १५ सेमी होतं. मूठ एपॉक्सी पुट्टीची बनव नाहीतर प्रिंट करून घे, भुलेश्वरला इमिटेशन ज्वेलरीच्या सामानात गोल चकत्या, वाट्या, बारीक साखळ्या मिळतात त्यातून चकती छान होते. ढालीसाठी पण तिथेच फिर, ढालीवरची चार फुलं दागिन्यांच्या सामानातच सापडतात. ढाल बोटांनी धरत नाहीत असं समज, मागे कड्यांमधून पट्टे आणि त्यात मूठ, म्हणून मिटलेल्या मुठीचा हात घे आणि पट्टा त्यात ओव.

दांडपट्टा करायचा असेल तर सगळ्यात सोपं आहे आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. पट्ट्याचा खोबणा, म्हणजे हातावर चढणारं धातूचं कवच, कोपरापर्यंत हात झाकतो, मूठ आतमध्ये आडव्या दांडीवर, बाहेरून दिसतच नाही. मग हात ठेवायचाच कशाला, हात काढून टाक आणि खोबण्याच्या आत पेगच्या मापाचं भोक करून तो थेट मनगटाच्या पेगवर बसव. घट्ट बसतो, हाताच्या बोटांचा प्रश्नच नाही, आणि पातं फिरवून पोझ देता येते.

धातूची तलवार घ्यावी का असं पण तू विचारलंयस. दिसायला धातूला तोड नाही, पण वजन मनगटाला झेपत नाही, दोन दिवसांत हात खाली येतो. धातूची असेल तर टोक जमिनीला टेकलेलं, किंवा पातं खांद्यावर टाकलेलं, अशी पोझ दे, हवेत उगारलेली नको. नाहीतर तळव्यात ३ मिमीचा छोटा निओडिमियम मॅग्नेट बसव, लॅमिंग्टन रोडला मिळतात. पितळ-जस्ताच्या मुठीला मॅग्नेट धरत नाही, तिथे समोरही एक लावावा लागतो, आणि असे दोन असतील तर बसवायच्या आधी मार्करने बाजू खुणेने लिही, एक उलटा चिकटला तर तलवार हातातून ढकलली जाईल. आणि मॅग्नेट तलवार घसरू देत नाही एवढंच, मनगट लटकतंय ते त्याने थांबत नाही, त्याला परत टेफ्लॉन टेप.

मुंबईतल्या हवेचं वेगळं सांगायला लागेल. नरम पीव्हीसीचा हात महिनोन्महिने रंगवलेली बंदूक धरून उभा राहिला की पीव्हीसीमधलं तेलकट प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि ग्रिपचा रंग चिकट होतो, मग काढताना रंग हाताला लागून येतो. उकाड्यात हे लवकर होतं. बदललेली बंदूक कायम हातात ठेवणार असशील तर ग्रिपवर आधी टेफ्लॉन टेपचा एक वेढा दे, दिसत नाही आणि दोघांमध्ये पडदा राहतो. होल्स्टर (पिस्तुलाची पिशवी) आणि स्लिंग (बंदुकीचा खांद्यावरचा पट्टा) खोट्या लेदरचे असतील तर दमट हवेत त्याचं वरचं पापुद्रं सुटायला लागतं, ती पीयूची (पॉलियुरेथेन, ज्याचं खोटं लेदर बनतं) रासायनिक झीज असते, पुसून थांबत नाही. म्हणून जुन्या होल्स्टरमध्ये जाड पिस्तूल कोंबू नकोस, ताणलं की तिथेच फाटतं, पावसाळ्यात पिस्तूल बाहेर काढून ठेव आणि कपाटात सिलिका जेल, दर काही आठवड्यांनी बदलून. वरळी, वर्सोवा असा समुद्राजवळ राहत असशील तर स्लिंगच्या लोखंडी कड्या गंजतात आणि गंज कपड्याला लागतो, त्या पितळी करून घे. आणि सीमलेस बॉडी असेल, म्हणजे आत स्टीलचा सांगाडा आणि वर रबरासारखी त्वचा, तर काळी स्लिंग किंवा होल्स्टर थेट त्वचेवर बांधू नकोस, काळा डाग आत मुरतो आणि मग जात नाही.

दुसऱ्या कलेक्टरबरोबर अदलाबदल करणार असशील तर आणखी थोडं. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २० टक्के होती ती २०२० मध्ये ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे नवीन फिगर मागवण्यापेक्षा आपापसात पार्ट बदलणं इथे खूप जास्त चालतं आणि ते चांगलंच आहे, पण व्यवहार स्वच्छ पाहिजे. प्रत्येक फिगरचा ओरिजिनल सेट उघडल्या उघडल्या बॉक्समधल्या ट्रे-सकट फोटो काढून ठेव, हात-पेग-मॅगझिन एकेका झिप पाऊचमध्ये, वर नाव. पुढे फिगर विकलीस तर काय बदललंय ते न विचारता सांग, कारण घेणारा पूर्ण सेटचे पैसे देतोय. पार्ट घेऊन ट्रेनने जाताना औषधाच्या गोळ्यांचा कप्प्यांचा प्लॅस्टिक डबा वापर, लांब रायफलसाठी कडक पेन्सिल बॉक्स, खिशात किंवा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, दादरला चढताना नळी मोडलीच समज. विमानाने जाणार असशील तर हे सगळं चेक-इन बॅगेत, खेळण्यातली बंदूकसुद्धा केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

मावळ्यासाठी बॉडी घ्यायच्या आधी मला दोन मापं पाठव, तुझ्या ब्रिटिश शिपायाच्या मनगटातल्या भोकाचा व्यास आणि त्याच्या मिटलेल्या हाताच्या आतली फट. शिपायाचा हात मऊ निघाला तर नवीन हात घ्यायची गरजच नाही, तोच मावळ्याला लावू आणि शिपायाला ग्लोव्हवाला देऊ.